तुम्ही विचारलंत म्हणून: पोटात सोडलेला गोंद पुढे निघून येतो का?

रक्ताच्या उलट्या थांबल्या, पेशंट जरा स्थिरावला, की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, आत गोंद लावलात, तो निघून तर येणार नाही ना?"

येतो. आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. कारण हा गोंद जखमेवर वरून लावलेला नसतो, तो शिरेच्या आत सोडलेला असतो.

लिव्हर सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होण्याच्या आजारात, यकृताकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडते, दाब वाढतो आणि आडवाटेच्या शिरा फुगतात. अन्ननलिकेतल्या शिरांना आम्ही रबरी बँड घालतो. जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरा मात्र इतक्या जाड असतात की बँड नीट बसत नाही, आणि तो गळून पडला की तिथून पुन्हा जोरात रक्त सुटू शकतं. अशा ठिकाणी सायनोॲक्रिलेट हा गोंद कामी येतो. डॉ. निब सोहेंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली हा उपाय मांडला, आणि आजही या शिरांसाठी मला तोच पहिला आठवतो.

दुर्बीण जठरात उलटी वळवून सुई थेट शिरेत घालायची आणि साधारण 1 मिली गोंद सोडायचा. रक्ताचा स्पर्श होताच तो काही सेकंदांत दगडासारखा घट्ट होतो. सगळं कसब या सेकंदांत आहे. गोंद लवकर घट्ट झाला तर सुई शिरेतच अडकते. उशीर झाला तर तो रक्ताबरोबर वाहत फुप्फुसापर्यंत जाऊ शकतो. क्वचित घडतं, पण जिवावर बेततं. वेग आवरण्यासाठी अनेक जण त्यात लिपिओडोल हे तेल मिसळतात. त्यामुळे गोंद एक्स-रेतही दिसतो. पेशंटचे डोळे झाकलेले असतात, आम्ही सगळे चष्मे लावतो, आणि सिरिंज भरून देणाऱ्या सिस्टरवर माझी निम्मी भिस्त असते.

पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वरचं अस्तर झिजतं आणि तो घट्ट गोळा जठरात सुटून शौचावाटे जातो. तोवर शीर बहुधा बुजलेली असते. कधीकधी मात्र त्याच जागी व्रण होऊन पुन्हा रक्त येतं, म्हणून पुढची एंडोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) टाळू नका.

अल्सरमधून रक्त येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, क्लिप किंवा उष्णता यांनी बहुतेकदा काम होतं. फायब्रिन ग्लू म्हणतात तो आणखी निराळा: फायब्रिनोजेन आणि थ्रोम्बिन हे रक्त गोठवणारे घटक जागेवर एकत्र येऊन रक्ताची गुठळी होते तसाच थर तयार होतो, आणि शरीर तो हळूहळू विरघळवून टाकतं.

एक गोष्ट मी प्रत्येक घराला बजावून सांगतो. गोंदाने ती एक शीर बंद होते, यकृतातला दाब तसाच राहतो. दारू पूर्ण बंद, कावीळ बी किंवा सी असेल तर तिचे उपचार सुरू, आणि डांबरासारखी काळी शी झाली तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात.