माया न धरलेले २१६ चौकोन

अमळनेरला मी गोधड्या शिवून देते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली असताना जवळच्या खेड्यातल्या एक ताई आठवीतल्या लेकीला घेऊन आल्या. पिशवीत सुतळीनं बांधलेले कापडाचे चौकोन होते, एकेक बरोबर पाच इंचांचा. थोरली लेक लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी येणार होती, तिला आजीची आठवण द्यायची होती. "हाई मन्ही मायनं लुगडं शे," ताई वरच्या चौकोनावरून हात फिरवत म्हणाल्या.

हिशेब धाकटीनं वहीत मांडला होता. गोधडी ६० बाय ९० इंच, म्हणजे ५४०० चौरस इंच, एक चौकोन २५, चौकोन २१६. लुगडं जागोजागी विरलेलं, धड भागातून जेमतेम तेवढेच निघाले होते.

आकडा ऐकूनच माझ्या पोटात धस्स झालं. मी तीन चौकोन घेतले, कडेपासून पाव इंचावर शिलाई मारून एका ओळीत जोडले आणि मधल्यावर टेप ठेवला. साडेचार इंच! पोरीनं स्वतः पुन्हा मोजलं. भागाकार बरोबरच होता, पण माया, म्हणजे शिलाईत दुमडून जाणारं कडेचं कापड, त्यात धरलेली नव्हती. आडवे बारा चौकोन ५४ इंच भरणार, उभे अठरा ८१. पूर्ण मापाला १४ बाय २०, म्हणजे २८० चौकोन लागले असते.

पोरीचे डोळे भरून आले. त्या लुगड्याचा आणखी एक तुकडा कुठून आणणार?

मी काठ सुचवला. दोन्ही बाजूंना साडेतीन इंचांच्या पट्ट्या, वर-खाली पाच इंचांच्या. शिवल्यावर तीन आणि साडेचार उरतात, माप जुळतं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात चारही पट्ट्या लांबीत काढल्या तर १७ इंचांत बसतात, जोड द्यावा लागत नाही. ताई दोन मीटर आणायला निघाल्या, मी थांबवलं. दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच, आणि बाजूची पट्टी हवी साडेएक्याऐंशी. शिवाय नवं सुती कापड आटतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या लुगड्याला कोरा काठ तसाच लावला, तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. सव्वादोन मीटर आणवलं, रात्रभर भिजवलं. वाळल्यावर साडेअठ्ठ्याऐंशीचं पंच्याऐंशी भरलं. अस्तराला दोन पन्हे जोडायचे, म्हणून पाच मीटर. तेही भिजवूनच घेतलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघी गोधडी न्यायला आल्या. ताईंनी ती गालाला लावली. धाकटीनं मात्र आधी टेप मागितला. लांबी भरली ८८.

"मावशी, दोन इंच कुठे गेले?"

मी तिचं बोट धरून धावदोऱ्याच्या एका ओळीवरून फिरवलं. टाक्याटाक्याला कापड जरासं आवळलेलं बोटाला लागत होतं. ती दुसऱ्या ओळीकडे वळली.