मचूळ पाण्यावर कोळसा: ग्लेनवुड ते लाफलिन

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या ग्लेनवुड स्प्रिंग्जच्या रेल्वे स्टेशनातून पादचारी पुलावर आलं की गंधकाचा वास नाकात शिरतो, वज्रेश्वरीच्या कुंडांवर येतो तोच. खाली कोलोरॅडो नदी, पलीकडे 405 फूट लांबीचा गरम पाण्याचा तलाव आणि त्याला पाणी पुरवणारा यांपा झरा. पाणी साधारण 50 अंश सेल्सिअस, दिवसाला सुमारे 35 लाख गॅलन, म्हणजे 1 कोटी 32 लाख लिटर. लोक इथे डुंबायला येतात. आम्हाला बघायचं होतं ते त्यातलं मीठ. जमिनीखालच्या मिठाच्या आणि जिप्समच्या थरांतून वर येताना हा एकटा झरा रोज 240 टनांच्या आसपास क्षार घेऊन नदीला मिळतो. हिशेब केला तर लिटरला 18 ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात 35 असतात. म्हणजे हे खाडीतल्यासारखं, मचूळ.

हेच पाणी पुढे ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या शेतांत जातं, म्हणून 1974 साली अमेरिकेने या नदीच्या खारेपणासाठी खास कायदा केला. हूवर धरणाखाली लिटरला 723 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. मग 1980च्या दशकात ‘ॲक्वाट्रेन’ नावाची कल्पना पुढे आली: खारं पाणी नदीत जाऊच द्यायचं नाही, त्याच्यावर कोळसा लादून पाइपातून पश्चिमेला पाठवायचा. ती पाइपलाइन बांधली कधीच गेली नाही. पण कल्पना खुळी नव्हती, आणि ते पटायला ॲरिझोनातल्या केयेंटाला जावं लागतं.

केयेंटा सोडून पश्चिमेला निघालं की डाव्या हाताला ब्लॅक मेसाचं पठार सोबत करतं. इथून नेवाडातल्या लाफलिनच्या मोहावे वीज केंद्रापर्यंत 273 मैल, म्हणजे 439 किलोमीटर, 18 इंची पाइप 1970 ते 2005 अखेरपर्यंत कोळसा वाहत होता. वर्षाला 50 लाख टनांच्या घरात. वजनाने निम्मा कोळसा, निम्मं पाणी. आता यांपाचं पाणी आठवा: रोज 13,200 टन पाणी म्हणजे रोज 13,200 टन कोळसा, वर्षाला 48 लाख टन. एका झऱ्यावर अख्खी ब्लॅक मेसा लाइन चालली असती! प्रत्यक्षात तिला जमिनीखालचं, तिथल्या होपी आणि नवाहो या मूळ रहिवासी लोकांच्या पिण्याचं गोडं पाणी लागलं, वर्षाला 100 कोटी गॅलनच्या वर. वाळवंटात गोड्या पाण्याने कोळसा वाहून न्यायचा, हे मला आजही पटत नाही.

आपल्या नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. तिथे अंतर थोडं, म्हणून हयगय खपते. ब्लॅक मेसासारख्या लांब पाइपाला तसं चालत नाही. आधी कोळसा फोडायचा, मग रॉड मिलमध्ये, म्हणजे पोलादी दांड्यांच्या चक्कीत, पाण्याबरोबरच दळायचा, सगळ्यात मोठा कण सव्वा मिलिमीटरच्या आत. जाड राहिला तर पाइपाच्या तळाशी घासत जातो आणि तळ झिजवतो. फार मैदा केला तर स्लरी, म्हणजे कोळसा-पाण्याचं मिश्रण, दाट होते आणि शेवटी पाणी सुटत नाही. वेग सेकंदाला 1.7 मीटर, मुक्कामाला पोचायला तीन दिवस. पंप बंद पडला तर कोळसा बसतो. तो घसरत जाऊन सखल भागात बूच बसू नये म्हणून पाइपाचा उतार कुठेही 16 टक्क्यांच्या वर ठेवला नाही. शेवटच्या मोठ्या उताराला पाइप मुद्दाम बारीक, 12 इंची केला. नाहीतर स्लरी पुढे धावते, पाइप अर्धा रिकामा राहतो आणि लोखंड कोरलं जातं.

आता यात मचूळ पाणी घाला. पहिली गोष्ट गंजाची. मिठाच्या पाण्याने लोखंडाला खड्डे पडतात हे कोकणात कुणाला सांगायला नको. इथे भर अशी, की पोलादावर धरलेला गंजाचा पापुद्रा कोळसा सतत खरवडून काढतो आणि खाली कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. उपाय आहेत: सोडियम सल्फाइट घालून पाण्यातला ऑक्सिजन मारायचा, चुन्याने सामू (pH) वर न्यायचा. पण पाणी जड असेल तर चुना जास्त झाला की पाइपात खडे धरतात. तरी हे सांभाळता येतं. मीठ थोडी मदतही करतं, बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि निवळतात.

खरं अडतं ते बॉयलरपाशी. मोहावेला सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात, पिळून निघालेल्या कोळशात 25 टक्के ओल उरायची. त्यातली कोळशाची स्वतःची ओल वजा केली तरी यांपाच्या पाण्याने टनामागे 4 किलो मीठ कोळशात राहील. सोडियम वाढलं की राख कमी तापमानाला मऊ होते आणि नळ्यांवर थर धरते. क्लोरीन नळ्या खातं ते वेगळंच. गोड्या पाण्याने धुवा म्हणाल, तर मग गोडं पाणी वाचवलं कुठे? कोळसा पाण्यात न कालवता बंद नळकांड्यांत भरून ती पाण्याने पाइपातून ढकलायची, हा मार्ग म्हणूनच सुचतो. अट एकच, 400 किलोमीटरमध्ये एकही नळकांडं फुटता कामा नये.

किंगमनहून घाट उतरला की लाफलिन. 1,580 मेगावॉटचं केंद्र 2005च्या शेवटच्या दिवशी थांबलं, 500 फुटी धुराडं 2011च्या मार्चमध्ये पाडलं. पिळून काढलेलं खारं पाणी इथे आलं असतं तर त्याला उथळ, अस्तर लावलेले तलाव लागले असते. आपली मिठागरंच, फक्त कोळशात राहिलेलं वजा करूनही वर्षाला अडुसष्ट हजार टनांच्या आसपास क्षार साठवणारी, आणि ते मीठ कोळशाने काळं. तलावाचं अस्तर फाटलं, तर ते जाणार कुठे? केंद्राच्या जागेच्या पूर्वेलाच कोलोरॅडो वाहते.