टेस्टर पेटतो, पण इस्त्री तापत नाही

बेडरूममधल्या पॉइंटवर मोबाइल बिनबोभाट चार्ज व्हायचा. त्याच पॉइंटवर इस्त्री लावली की मात्र तिचा दिवा लुकलुकायचा आणि ती तापायला भलताच वेळ घ्यायची. तीच इस्त्री दुसऱ्या खोलीत नेऊन लावली, तर झटपट तापली. म्हणजे इस्त्री ठीक होती, भानगड पॉइंटमध्ये होती.

आईने टेस्टर आणून उजव्या भोकात घातला. ‘‘अरे, पेटतोय की! करंट येतोय, मग प्लगच ढिला बसत असेल.’’ प्लग घट्ट बसत होता. पण टेस्टर पेटला की आपल्याकडे विषय संपतो. टेस्टरच्या आत मोठा रेझिस्टर असतो, त्यातून आणि आपल्या अंगातून अगदी किरकोळ करंट जातो आणि तेवढ्यावर दिवा लागतो. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आहे, एवढंच तो सांगणार. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, पार तुटलेली असली तरी तो तसाच पेटेल.

एमसीबी, म्हणजे मेनजवळच्या खोक्यातला आपोआप पडणारा स्विच, तोही पडत नव्हता, हे आईचं दुसरं समाधान. मला तेच खटकत होतं. एमसीबी पडतो तो करंट जास्त झाला तर. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, पडतो तो गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला तर. बोर्डाच्या आत वायरचा जोड ढिला असेल तर करंट उलट थोडा कमीच होतो, आणि गेलेला सगळा परतही येतो. दोघांच्या दृष्टीने सगळं आलबेल. उष्णता मात्र त्या जोडातच तयार होत राहते.

मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. डायल एसी व्होल्टवर, रेंज सगळ्यात वरची, आणि लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा बघितलं. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि पिना सॉकेटमध्ये गेल्या, तर तो सरळसरळ शॉर्टच. पायात कोरड्या चपला, हात कोरडे, बोटं पिनांच्या कठड्यामागे. पॉइंट रिकामा असताना फेज-न्यूट्रल मोजलं तर २३२. अगदी झकास!

लोड नसताना, म्हणजे काहीच चालू नसताना, घेतलेल्या या आकड्याला अर्थ नाही. पॉइंटला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड लावला, त्याच्या एका सॉकेटवर इस्त्री चालू केली आणि शेजारच्या सॉकेटमध्ये मोजलं. २३२ चे २०५ झाले, तेही नाचत. मग फेज-अर्थ मोजलं (अर्थ म्हणजे जमिनीशी जोडलेली वायर), तर २३१. न्यूट्रल-अर्थ मोजलं, तर २६-२७. मला हवं होतं ते इथे सापडलं. फेज लोडवरही शाबूत आहे, हरवलेले २७ व्होल्ट सगळे न्यूट्रलच्या वाटेवर खर्च होताहेत. १००० वॅटची इस्त्री त्या वेळी साधारण ३.९ अँपिअर घेत असणार. २७ गुणिले ३.९ म्हणजे शंभराहून जास्त वॅट. जुन्या पिवळ्या बल्बची सगळी उष्णता प्लास्टिकमधल्या एका स्क्रूपाशी कोंडलेली होती. इस्त्री तिथल्या तिथे बंद केली. ही चाचणी काही सेकंदांचीच असावी, आणि जळका वास येत असेल किंवा सॉकेट पिवळट-काळपट पडलं असेल तर ती करूच नये.

आता बोर्ड उघडायचा. एमसीबीच्या खोक्यावर चिठ्ठ्या होत्या, पण त्या कोणी कधी लावल्या कोण जाणे. म्हणून पॉइंटवर टेबल लॅम्प लावून ठेवला आणि तो विझेपर्यंत एकेक एमसीबी पाडत गेलो. मीटरने तिन्ही भोकं आपापसात मोजली, सगळीकडे शून्य. लगेच दुसऱ्या सर्किटच्या चालू पॉइंटवर मीटर लावला, तिथे त्याने २३० दाखवले. म्हणजे मघाचं शून्य मीटर रुसल्याचं नव्हतं. त्यानंतर मेन स्विचही बंद केला. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये दुसऱ्या सर्किटची न्यूट्रल याच बोर्डातून फिरवलेली असू शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद हवा, मेन पाडला तरी तो मागून सप्लाय देत राहतो. बोर्डावरचं बटण बंद करून काम करणाऱ्यांच्या धाडसाला माझा नमस्कार.

प्लेटचे स्क्रू काढून सॉकेट बॅटरीच्या उजेडात अलगद बाहेर ओढलं. लाल (फेज) आणि हिरवी (अर्थ) वायर नव्यासारखी. काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरचं आवरण स्क्रूपासून बोटाच्या पेराएवढं कडक होऊन तडकलेलं, आतलं तांबं काळवंडलेलं आणि स्क्रूभोवतीचं प्लास्टिक तपकिरी. त्या एकाच स्क्रूखाली दोन काळ्या वायरी कोंबल्या होत्या: एक येणारी, एक पुढच्या पॉइंटला जाणारी. जाड वायरीमुळे स्क्रू नीट आवळलाच गेला नसणार.

स्क्रू पिळून प्लेट लावून टाकण्याचा मोह कोणालाही होईल. पण जळलेल्या तांब्यावर स्क्रू आवळला तरी जोड धरत नाही. शिवाय आवरण भिंतीतल्या पाइपात कुठवर खराब झालंय, हे मला दिसत नव्हतं. सर्किट बंदच ठेवून वायरमनला बोलावलं.

त्याने जुनं सॉकेट हातात घेतलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे पुन्हा बसवायचं नाही.’’ काळी वायर ताजं तांबं दिसेपर्यंत छाटली, सुदैवाने पाइपातून थोडी ओढता आली. दोन वायरी एका स्क्रूखाली न घालता कनेक्टरमध्ये जोडल्या आणि तिथून एक छोटा तुकडा नव्या सॉकेटला आणला. प्रत्येक वायर हाताने ओढून बघितली.

सप्लाय चालू केल्यावर आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला. पुन्हा चालू करून इस्त्रीच्या लोडवर मोजलं: फेज-न्यूट्रल २३०, न्यूट्रल-अर्थ दीडच्या आत. मग त्याच ओळीतले बाकीचे पॉइंटही इस्त्री लावून मोजून घेतले. हॉलमधला एक सहा व्होल्टनी उतरत होता. वायरमन होताच, मेन पुन्हा पाडून तोही उघडून घेतला.