बायॉप्सीच्या रकान्यापायी अडलेली मंजुरी

आईला घास गिळताना छातीत अडकल्यासारखं व्हायचं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या आत निळसर जांभळा, मऊ फुगवटा दिसला. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेक हिमँजिओमा आहे, रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर नव्हे. अन्ननलिकेत साध्या गाठी मुळातच कमी, त्यातही अशा दोन-तीन टक्केच. सीटी आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी) लगेच झाले. गाठ अस्तराखालच्या थरातच होती, स्नायूत शिरली नव्हती. म्हणजे छाती उघडायची गरज नाही, दुर्बिणीतूनच काढता येणार.

अडलं ते विम्याच्या कॅशलेस मंजुरीपाशी. विमावाले म्हणाले, "ट्यूमर लिहिलंय, मग बायॉप्सीचा रिपोर्ट कुठाय?" बायॉप्सी डॉक्टरांनी मुद्दामच घेतली नव्हती. रक्ताने भरलेल्या गाठीचा तुकडा तोडला तर रक्तस्राव होऊ शकतो, तो धोका कोण घेणार? मी हे काउंटरवर सांगितलं, फोनवर सांगितलं, ईमेलने कळवलं. दर वेळी नवा माणूस आणि उत्तर तेच, कागद अपुरे. फोनवरच्या एकाने तर "मग करून घ्या ना बायॉप्सी" असंही सुचवलं. माझ्या आईच्या अन्ननलिकेबद्दल बोलत होता तो! अजून आठवलं की संताप होतो.

इकडे डिचोलीला घरी आई रोज विचारायची, "खरं सांग गो, कॅन्सर आहे ना? म्हणून थांबवलंय ना?" त्या उशिराचा खरा त्रास तिने सोसला.

शेवटी मी डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: बायॉप्सी का टाळली, अल्ट्रासाऊंडमध्ये काय दिसलं, आणि काढलेली पूर्ण गाठ पॅथॉलॉजीला जाईल. सोबत एंडोस्कोपीचे रंगीत फोटो जोडले. मंजुरी आली. असं पत्र पहिल्याच अर्जासोबत लावा, कोणी मागायची वाट पाहू नका. फोटोही रंगीतच मागून घ्या, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो निळा रंग दिसतच नाही.

गाठ भूल देऊन दुर्बिणीतून काढली. आधी पातळ पेज, मग मऊ भात, असं हळूहळू जेवण सुरू झालं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातही हिमँजिओमाच आला. आईला मी तो दोनदा वाचून दाखवला.

आणि हो, घरच्या कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर एंडोस्कोपीची तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.