पुतळीच्या गावात तीन दिवस

आजीच्या पुतळ्यांच्या माळेवर दोन माणसं आहेत. एक गुडघे टेकून बसलेला, दुसरा उभा. घरात कुणी म्हणे राम-लक्ष्मण, कुणी म्हणे देव आणि भक्त. खरं तर गुडघे टेकलेला तो व्हेनिसचा डॉज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आणि समोर संत मार्क. १२८४ पासून तिथे पाडलेलं हे सोन्याचं नाणं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आलं आणि बाहुल्यांमुळे 'पुतळी' झालं. आजीची माळ सोनाराने ठशावर पाडलेली नक्कल आहे. तरी मूळ गाव बघायचंच होतं.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनाबाहेर पडलं की थेट कालवाच. इथे पहिली चूक केली: चाकांची मोठी बॅग. पूल म्हणजे पायऱ्या. तीन पूल चढून उतरेपर्यंत खांदे गेले. पाठीवरची सॅक घ्या. दुसरा घोळ पत्त्याचा. घरांना नंबर गल्लीवार नाहीत, पूर्ण विभागाला एकच क्रम. असे विभाग सहा. त्यामुळे चार हजारांवरचे नंबर सर्रास दिसतात. मुक्कामाच्या जागेवाल्यांकडून जवळच्या पुलाचं नाव आणि नकाशावरची खूण आधीच मागून घ्या. आम्ही पाऊण तास एकाच चौकात तीनदा आलो.

त्या चौकात दगडी विहिरीचं तोंड होतं. ही विहीर नव्हेच. खाली चिकणमातीने बंद केलेला, वाळू भरलेला हौद. चौकात पडलेलं पावसाचं पाणी वाळूतून गाळून मधल्या नळीत यायचं. सगळीकडे पाणी, पण प्यायला आभाळाचंच. १८८४ मध्ये नळ आले. आता चौकाचौकांतल्या नळांना चांगलं पाणी असतं, बाटली विकत घेऊ नका.

टांकसाळ सेंट मार्क चौकालगत, पाण्याकाठी. नाव त्सेक्का, अरबी 'सिक्का'वरून. म्हणजे आपलाच शब्द. भट्ट्यांची आग लागू नये म्हणून सोळाव्या शतकात वास्तुकार सान्सोविनोने ती लाकूड टाळून दगडातच बांधली. आज तिथे ग्रंथालय आहे.

बोटीचं साधं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं. दोनचारदा बसणार असाल तर पास घ्या. फक्त मोठा कालवा ओलांडायचा तर 'त्रागेत्तो' बघा: दोन युरोंत, गोंडोल्यासारख्याच नावेत, दोन मिनिटांत पलीकडे. खऱ्या गोंडोल्याचा खर्च आम्ही टाळला, त्याची हळहळ नाही. कॉफी उभ्याने प्या, बसलात की दर बदलतो. दिवसापुरते येणार असाल तर काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क असतं, आधी तपासा. मुक्कामाला असाल तर शुल्क माफ, पण त्याची नोंद करावी लागते. सेंट मार्क चौकात सकाळी आठच्या आत या. नंतर नुसती जत्रा.

कोर्रेर संग्रहालयात शेवटी ती नाणी काचेआड सापडली. शेजारच्या बाईंना मोबाइलमधला आजीच्या माळेचा फोटो दाखवला. त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "त्सेक्कीनो!" त्सेक्कावरून पडलेलं याच नाण्याचं तिथलं नाव.

घरी फोन लावला, तर आजीचा पहिला प्रश्न: "तिकडं तोळ्याला काय भाव चाललाय?"