मुलगी शाळेतून बाहेर पडली, तरी हिशोब बघायला का जाता?

दुकानात कपडे टाकायला येणाऱ्या बायका हे विचारतात, माहेरची माणसं विचारतात. बदलून आलेले नवे गुरुजी तर पहिल्याच भेटीत विचारतात, "ताई, तुमची मुलगी आता कॉलेजात. मग जिल्हा परिषदेच्या शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे हिशोब अजून कशाला बघता?" बहुतेक वेळा हातात शिवण असते, उत्तर अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मुलगी त्या शाळेत होती तेव्हा मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात. मुख्याध्यापक सचिव, बैठक महिन्याची, आणि तेव्हा आमच्याकडे शाळेच्या चेकवर मुख्याध्यापकांच्या सहीशेजारी अध्यक्षाची सही लागायची. साध्या पालकाच्या हातात एवढं बळ दुसऱ्या कुठल्या कायद्यानं दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तरी पहिल्या सहा बैठकांत खर्चावर एकही प्रश्न आला नाही. यादी वाचली जायची, "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं जायचं, सगळे सह्या करून शेताकडे.

सातव्या बैठकीनंतर एक आई माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली. त्या दिवशीच्या यादीत पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती होती. तिचा मुलगा मात्र रोज घरून बाटली भरून नेत होता, कारण फिल्टर बंदच होता. मी म्हटलं, "मग आत का नाही बोललीस?" ती खाली बघत म्हणाली, "ताई, माझं पोरगं त्यांच्याच वर्गात बसतंय ना."

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिनं त्या दिवशीच देऊन टाकलं होतं.

पालकाला शाळेची सगळ्यात जास्त काळजी असते, म्हणून कायद्यानं देखरेख पालकांकडे दिली. ते बरोबरच आहे. पण त्याच पालकाचं लेकरू दिवसभर त्या वर्गात बसतं. गुरुजी कितीही सज्जन असोत, आईच्या मनातली धास्ती काही जात नाही. फिल्टरचं पुढच्या बैठकीत मीच विचारलं. कारागीर पैसे घेऊन गेला होता आणि फिरकलाच नव्हता; सरांची चूक एवढीच की त्यांनी पाठपुरावा केला नव्हता. आठवड्याभरात पाणी सुरू झालं. पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी मुलीला विचारत होते, "सर काही बोलले का गं तुला?" सर काहीही बोलले नव्हते. तरी मी विचारत होते.

मुलगी शाळेतून बाहेर पडली आणि माझं सदस्यत्व संपलं. त्याच दिवशी ती धास्तीही संपली. आता मला कुणाच्या गुणांची, हजेरीची, दाखल्याची भीती नाही. ज्यांची मुलं आज वर्गात बसलीत त्यांच्या वतीनं विचारायला माझ्याइतकं मोकळं कोण आहे? हा माझा उद्योग नाही, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. मी गावची मतदार आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्चाचं वार्षिक विवरण आणि मागच्या लेखापरीक्षणाचं टिपण ठेवावंच लागतं. ते ऐकायला मूल शाळेत असावं लागत नाही.

शाळेच्या एका भिंतीचं उदाहरण सविस्तर सांगायला हवं. शाळेच्या मागच्या बाजूनं ग्रामपंचायतीच्या निधीतून संरक्षक भिंत बांधली. अंदाजपत्रकात लांबी 42 मीटर. माझ्याकडे मोजायला शिवणकामाचा टेप होता, दीड मीटरचा. म्हणजे 28 टेप भरायला हवेत. रविवारी सकाळी मी आणि शेजारची एकजण गेलो. कपड्यावर खुणा करायच्या खडूनं भिंतीवर रेघ मारायची, टेप पुढे सरकवायचा, पुन्हा रेघ. सिमेंट खरबरीत, टेप मधेच अडकायचा, म्हणून दोन्ही टोकांकडून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा 23 टेप भरले, म्हणजे साडेचौतीस मीटर. भिंत ओढ्याच्या बाजूला अलीकडेच थांबली होती आणि तिथूनच लहान मुलं चेंडू आणायला खाली उतरत होती.

मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. या कायद्यात नुसत्या कागदाच्या नकला मिळतात असं अनेकांना वाटतं. पण कामाची प्रत्यक्ष पाहणी, कागदपत्रं समोर बसून बघणं, टिपणं काढणं, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं, हे सगळं त्यात येतं. मी कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेलं काम मोजून ज्यात नोंदवतात ती वही, बघायला मागितली. तिच्यात 42 मीटरच लिहिले होते.

ग्रामसभेत मी दोन आकडे वाचले आणि थांबले. चोरी, भ्रष्टाचार असला एकही शब्द काढला नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "इंजिनिअर साहेबांनी मोजलंय." मी म्हटलं, "भाऊसाहेब, चला, सगळ्यांसमोर परत मोजू." वीसेक माणसं उठून शाळेमागे गेली. खडूच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. पावसाळ्याआधी उरलेले साडेसात मीटर त्याच ठेकेदारानं बांधून दिले. दोष कुणाचा होता हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कुणावर काही कारवाई झाली नाही. ते मला अजून खुपतं. पण ओढ्याकडची वाट बंद झाली.

मी मास्तरांच्या मागे लागते असं काहींना वाटतं, म्हणून दुसरी बाजूही सांगते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत शाळेला पटावर अनुदान मिळतं. पट 31 ते 100 असेल तर वर्षाला 25,000 रुपये, 30 पर्यंत असेल तर 10,000. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, तुटलेलं दार. शिवाय ही रक्कम पुष्कळदा वर्ष संपत आल्यावर पोचते आणि मार्चअखेर खर्च दाखवायची घाई होते. कॅशबुक महिन्यामहिन्यानं वाचत गेलं की कळतं, जूनपासूनचा खर्च मुख्याध्यापकांनी कुठून केला असेल. आमच्या एका सरांनी दोन महिन्यांचं वीजबिल स्वतःच्या खिशातून भरलं होतं आणि कुणाला बोलले नव्हते. हिशोब उघड्यावर वाचला गेला म्हणून ते गावाला कळलं आणि पुढच्या वर्षी वीजबिल ग्रामपंचायतीनं भरावं असा ठराव झाला. प्रामाणिक माणसाला उघड्या हिशोबाचा आधार असतो. संशय बंद कपाटामुळे वाढतो.

आणखी एक: स्वतःचे हात मोकळे ठेवावे लागतात. अध्यक्ष असताना शाळेच्या गणवेशाची शिलाई मी घेतली नाही. गणवेशासाठी दोन जोड्यांचे मुलामागे 600 रुपये यायचे, समिती ठरवेल तिथे शिवून घ्यायचे. त्या वर्षी दुकानाला त्या कामाची फार गरज होती. घरात त्यावरून बोलणीही खाल्ली. पण ज्या बिलावर सही करायची ते आपलंच असेल, तर दुसऱ्याचं बिल कुठल्या तोंडानं बघायचं?

हिशोब एकट्यानं खोलीत न वाचता चारचौघांत मोठ्यानं वाचायचा, हे मी राजस्थानातल्या मजूर शेतकऱ्यांच्या संघटनेकडून घेतलं. 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची बिलं आणि मजुरांची हजेरीपत्रकं लोकांसमोर वाचली आणि ज्यांची नावं त्यात होती तीच माणसं उठून सांगू लागली की आम्ही या कामावर गेलोच नव्हतो. देशाचा माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये आला, त्याची एक मोठी मुळी तिथली आहे. मोठ्यानं वाचलं की प्रश्न कुणा एकीचा राहत नाही. कुणाचं पोरगं कुठल्या वर्गात आहे, हे मग कुणी बघत नाही.

फाटकापाशी बोललेली ती आई गेल्या जूनपर्यंत माझ्याशी हिशोबाचा शब्द बोलली नव्हती. तिचा धाकटाही हायस्कूलला गेला. मग एक दिवस ब्लाउजपीस घेऊन दुकानात आली, माप दिलं आणि तिथेच रेंगाळली. "ताई, ते कॅशबुक कुठून वाचायला सुरुवात करतात?"

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "आधी बँकेचं पासबुक माग. त्यातली एकेक रक्कम कॅशबुकात शोध. मग त्या रकमेचं बिल काढ आणि बिलात लिहिलेली वस्तू शाळेत जाऊन हातानं चाचपून बघ." तिनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.