त्या मॉलमध्ये परत परत का जातोस?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे फोनवर अर्धंमुर्धं सांगायला नको. प्रश्न असा की सोलापूरला गेलो की मी दरवेळी त्या मॉलमध्ये का जातो. ताई विचारते, बायको विचारते, पुण्यातले मित्र विचारतात, मामाने तर लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं. पुण्यातल्यांना म्हणायचं असतं की सोलापुरात कुठला आलाय मॉल, आणि होता तोही आता रिकामा पडलाय. बायकोचं म्हणणं दोन दिवसांसाठी येतोस, त्यातली एक संध्याकाळ तिथे कशाला घालवतोस. आणि ताईला विचारायचं असतं की अण्णांचा, म्हणजे आमच्या वडलांचा, तिथे तसा अपमान झाला, तरी तुझे पाय तिकडे वळतात कसे. बाकीच्यांना काहीतरी सांगून गप्प करता येतं. ताईला नाही.

मॉलचं नाव लिहीत नाही. ज्यांनी तो बघितलाय त्यांना कळेलच.

आधी हे सांगतो की तिथे बालपण सापडतं म्हणून मी जात नाही. बालपण शोधायचं असेल तर सोलापुरात जागा कमी नाहीत, होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आहे, सिद्धेश्वराचा तलाव आहे, नवी पेठ आहे, चाटी गल्ली आहे जिथे दिवाळीचे कपडे घेताना आई दुकानदाराशी तासभर घासाघीस करायची आणि तो पण मजेत करायचा. ते सगळं चालू आहे, चांगलं चालू आहे, मला त्याची काळजी वाटत नाही.

मॉलचं वेगळं होतं. तो सुरू झाला तेव्हा मी सातवीत. आम्ही पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, पत्र्याचं घर. अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर, आई टॉवेलच्या कडा शिवायची, डझनावर पैसे. ते लोडशेडिंगचे दिवस होते. ज्यांना आठवत नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण लाइट गेली की माग बंद आणि माग बंद की मजुरी बंद, कारण मजुरी नगावर असते, तासावर नाही. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. ४३-४४ डिग्री. वर पत्रा, आत पंखा बंद. कारखान्यात थांबून उपयोग नाही आणि घरात बसवत नाही, मग माणसं रस्त्यावर जिथे सावली असेल तिथे उभी राहायची, लिंबाखाली, बंद दुकानाच्या पायरीवर.

मॉलला जनरेटर होता. एसी होता. आणि कुणीही आत जाऊ शकत होतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या मित्रांना कळत नाही. ते म्हणतात मॉल म्हणजे गरिबांना बाहेर ठेवायची जागा, लोअर परळला फिनिक्स मिल गेली आणि मॉल आला, कामगार गेले आणि गिऱ्हाईक आलं, तू कामगाराचा मुलगा असून हे बोलतोस. मला ते सगळं माहितीय. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, १८७७ ला सुरू झालेली मिल, ती बंद पडल्यावर आमच्या घराचं काय झालं ते मी ऐकत मोठा झालोय, मला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबईत १९९९ ला हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा गर्दी आवरायला काही दिवस मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवेल त्याला आत सोडत होते आणि बाकीच्यांना तिकीट, हेही माहितीय. पण आमच्या मॉलच्या दारात असलं काही नव्हतं. चपला घालून, मळक्या शर्टात, कानाच्या मागे सुताचा कापूस चिकटलेला माणूस आत जाऊन दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून दोन तास उभा राहिला तरी कुणी हटकत नव्हतं. गड्डा जानेवारीत असतो हो. मे महिन्यात माझ्या वडलांनी कुठे जायचं होतं?

अण्णा मला सायकलवर डबलसीट घेऊन जायचे. आत शिरलं की दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहायचे. "गार हाय बे," एवढंच म्हणायचे. मग आम्ही फिरायचो. घ्यायचं काही नसायचं, क्वचित एखादं बिस्किट. अण्णा कपड्यांच्या सेक्शनमध्ये रमायचे, शर्टाचं कापड बोटात धरून मला सांगायचे हे किती काउंटचं सूत, म्हणजे किती बारीक, ही वीण कुठली, हा रंग दोन धुण्यात जाणार. कारखान्यात त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नाही, तिथे मागांच्या आवाजात बोलताच येत नाही. माझ्या वडलांना किती येतं हे मला त्या मॉलमध्ये कळलं. हे मी ताईला सांगितलंय. ती म्हणते बरोबर, आणि त्याच मॉलमध्ये काय झालं ते पण सांग.

सांगतो.

दुसऱ्या मजल्यावर चादरींचा ढीग लावला होता, वर मोठा बोर्ड, सोलापुरी चादर. किंमत साडेतीनशेच्या आसपास. अण्णा तिथे थांबले. एक पाकीट उचललं, फिरवून बघितलं, परत ठेवलं, परत उचललं. मग प्लास्टिकची चेन उघडून चादर अर्धी बाहेर काढली. उलटी केली. आपल्या जॅकार्डच्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंनी येते, रंग उलटे होतात, पण नक्षी स्वच्छ. हिची मागची बाजू धुरकट होती. त्यांनी अंगठ्याने चोळून बघितलं. मग कडेची एक दशी ओढून काढली आणि ती पीळ उलगडून बघत बसले. मला म्हणाले, "ही आपली न्हाई. पानिपतची आसंल. सूत पण मिक्स हाय."

तेव्हा सोलापुरी चादरीला जीआय टॅग, म्हणजे हे नाव फक्त इथल्याच मालाला वापरायचं अशी सरकारी नोंद, मिळून फार दिवस झाले नव्हते, २००५-०६ ची गोष्ट, महाराष्ट्रातल्या वस्तूंमध्ये हा मान चादरीला सगळ्यात आधी मिळाला. कारखान्यात मालकाने पेढे वाटले होते, अण्णांनी दोन घरी आणले होते. आता बाहेरची कुणी सोलापुरी म्हणून विकू शकत नाही असं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते अगदी मनावर घेतलं होतं. म्हणून ते तिथल्या पोराला बोलवून सांगायला लागले, की ही सोलापुरी नाही, तुम्हाला कुणीतरी फसवलंय, साहेबांना सांगा. त्यांना वाटलं ह्यांना कळलं तर बरं होईल. तक्रार नव्हती ती. ते मदत करत होते. हे मी जोर देऊन लिहितोय कारण नंतर सगळ्यांनी, आमच्या मामाने सुद्धा, "भांडायला कशाला गेले" असं म्हटलं. ते भांडले नाहीत.

त्या पोराने सिक्युरिटीला बोलावलं. सिक्युरिटीवाल्याने सुपरवायझरला. सुपरवायझरने चादर बघितली, दशी ओढलेली बघितली आणि म्हणाला पाकीट फोडलं, माल खराब केला, आता घ्यावी लागेल. अण्णा परत समजावायला लागले की अहो पण ही सोलापुरी नाहीये. तो म्हणाला, खिसे दाखवा.

अण्णांच्या खिशात छोटी कात्री होती. मागावर काम करणाऱ्या कुणाच्याही खिशात असते, सुताची टोकं कापायला, चश्म्यासारखी सवय होऊन जाते, माणूस ती घेऊनच झोपतो. पण ती कात्री टेबलावर ठेवल्यावर सगळं बदललं. टॅग कापतोस का, आधी काय काय नेलंस, पोराला बरोबर घेऊन करतोस का. पोरगा म्हणजे मी. सुपरवायझर त्यांच्याहून निम्म्या वयाचा आणि अरे-तुरे. माझं दप्तर पण उलटं केलं, त्यातून भूगोलाचं पुस्तक आणि पट्टी पडली. लोक थांबून बघत होते. मी ओरडलो, माझे वडील चादरी विणतात, त्यांना कळतं. कुणीतरी हसलं. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि त्या माणसाला म्हणाले, "चुकलं साहेब."

मग कागदावर लिहून घेतलं, सही घेतली, फोटो काढला. साडेतीनशे रुपये भरले, आठवड्याच्या मजुरीचा हप्ता त्याच दिवशी झाला होता म्हणून होते तरी खिशात, लोडशेडिंगमध्ये हप्ता असा कितीसा, निम्म्याच्या वर गेला. कात्री परत दिली नाही.

बाहेर आलो. सायकलच्या स्टँडजवळ अण्णा थांबले, शेजारच्या टपरीवाल्याकडून काडेपेटी मागितली आणि ती दशी, जी इतका वेळ त्यांच्या बोटात गुंडाळलेली होती, ती पेटवली. कापूस जळला की राख होते, भुरभुरीत. ही जळत जळत वितळली आणि टोकाला काळा मणी झाला, कडक. त्यांनी तो मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघ. पॉलिस्टर. मी म्हणत नव्हतो?"

आणि ते खूश होते.

मला तेव्हा ते सहन झालं नाही. अजूनही पूर्ण होत नाही. मी रडत होतो आणि हा माणूस खूश. घरी आल्यावर त्यांनी आईला पण अपमानाचं काही सांगितलं नाही, मिक्स सुताचं सांगितलं. ताईला माझ्याकडून कळलं आणि तिने त्या दिवसापासून मॉलचं नाव टाकलं, आजपर्यंत. ती चादर तिने कधी अंगावर घेतली नाही. अण्णा महिन्याभरात परत मॉलला निघाले. मला म्हणाले चल की. मी नाही गेलो. ते एकटे गेले, नवीन कात्री घरी ठेवून.

पुढे कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मी मॉल संस्कृतीवर बोललो, हाच प्रसंग सांगितला, नावं न घेता, टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. त्या एकोणीस वर्षांच्या पोराशी मी हल्ली मनातल्या मनात खूप भांडतो. तू अण्णांचा अपमान सांगितलास, मग गार हवा का नाही सांगितलीस? काउंट ओळखायला शिकलास ते का नाही सांगितलंस? तो म्हणतो, आठ मिनिटांत काय काय सांगणार, आणि जे झालं ते खोटं आहे का. खोटं नाहीये. तो म्हणतो, अण्णा परत गेले कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती, त्याला तू आवड म्हणतोस. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणतो, त्यांचा आनंद मी बघितलाय. तो म्हणतो, गरिबाचा आनंद दाखवून मॉलवाल्याला सोडू नकोस. मी सोडत नाहीये! त्या सुपरवायझरला मी अजून सोडलेलं नाही. पण त्या एका माणसाला मी ती अख्खी इमारत का देऊन टाकू?

अण्णांना मी एकदा सरळ विचारलं होतं, तुम्हाला राग नाही आला का. ते म्हणाले, "आला की. पण चादर मिक्स हुती का न्हाई?" मला वाटतं त्यांच्या दृष्टीने तिथे दोन माणसं उभी होती आणि त्यातल्या एकालाच चादर कळत होती, आणि तेवढं त्यांना पुरलं. मला पुरत नाही. ताईला तर नाहीच.

आता तो मॉल कसा आहे ते विचारता म्हणून सांगतो. गाळे सुरुवातीलाच वेगवेगळ्या लोकांना विकलेले, एक मालक नाही, त्यामुळे मोठं दुकान निघून गेल्यावर गर्दी हटली, गर्दी हटली तसे लोक मेंटेनन्स भरेनात, मेंटेनन्स नाही म्हणून एसी बंद, एसी बंद म्हणून उरलेलं गिऱ्हाईक पण येईना. लहान शहरांतले बरेच मॉल असेच गेलेत. डीमार्टवाले जागा शक्यतो स्वतःची घेतात, भाडं आणि भागीदारांची कटकट नाही, ते टिकले. आणि नवी पेठेतला दुकानदार तर पिढ्यान्‌पिढ्या बसलाय, त्याला कोण हलवणार. इथे खाली मोबाइल कव्हरची दोन दुकानं, एक कपड्यांचा कायमचा सेल, वर क्लासेस आणि एक कर्जवाटपाचं ऑफिस. सरकता जिना बंद आहे, लोक त्यावरून चालत जातात.

मी दुसऱ्या मजल्यावर जातो, जिथे ढीग होता तिथे उभा राहतो. आता तिथे शटर आहे. काही करत नाही. क्लासची पोरं कठड्याला टेकून मोबाइल बघत असतात, त्यातली बरीच पूर्व भागातलीच, बोलण्यावरून कळतं. मी बघतो की त्यांना कुणी हटकतं का. अजून तरी नाही हटकत, आता वॉचमनच एक आहे म्हातारा.

मागच्या खेपेला अण्णांना म्हटलं येता का, रिक्षाने जाऊ. म्हणाले, एसी चालू हाय का? नाही म्हटलं. "मग काय करायचंय," म्हणाले आणि टीव्ही लावला.

परवा हे सगळं लिहायला घेतलंय म्हणून ताईला फोन केला. तिने ऐकून घेतलं सगळं. म्हणाली, तुझं सगळं ऐकलं तरी त्यांनी कात्री परत दिली नाही ना. नाही दिली. मग, म्हणाली. पुढच्या महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसने येतोय, जाणारच आहे, हेही तिला सांगितलं. जा, म्हणाली, मी येणार नाही.